घरच्या लेझर प्रोजेक्टरसाठी रंगांची मॉड्यूलं: निवडायची कशी, बांधायची कशी

लेझर प्रोजेक्टर (आरशांनी बीम फिरवून भिंतीवर किंवा धुरात रेघांची चित्रं काढणारा) बांधायला घेणारा नवखा माणूस बहुतेक वेळा वॅटपासून सुरुवात करतो. एक वॅटचा घेऊ की दोन वॅटचा? माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: लाल कोणता वापरणार? तीन रंगांत सगळ्यात जास्त अडवतो तो लाल. डोळ्याला तो हिरव्यापेक्षा खूप कमी दिसतो, त्याचा बीम लवकर पसरतो आणि गरम झाला की तो मंदावतो. हिरवा आणि निळा कितीही जोरदार घेतले, तरी पांढरा रंग हवा असेल तर शेवटी त्यांना लालाच्या पातळीवर उतरवावंच लागतं. म्हणून लाल आधी ठरवा, बाकीचे दोन त्याच्या मापाने घ्या. मात्र त्याच्याही आधी डोळ्यांचा विचार करायचा आहे.

आधी डोळे

डोळ्याला दिसणारा लेझर ५ मिलिवॅटच्या वर गेला की ३बी वर्गात मोडतो आणि ५०० मिलिवॅटच्या वर गेला की वर्ग ४ मध्ये. प्रोजेक्टरच्या कामाचं कोणतंही मॉड्यूल (एका रंगाचा लेझर: प्रकाश देणारा डायोड, त्यावरची लेन्स आणि डायोडला ठरलेला करंट देणारा ड्रायव्हर) या दोनपैकी एका वर्गातलंच असणार. १ मिलिवॅटच्या आतल्या लेझरपासून पापणीची आपोआप होणारी उघडझाप आपल्याला वाचवते. तिला सुमारे पाव सेकंद लागतो. ३बी मध्ये तेवढा वेळही मिळत नाही. वर्ग ४ मध्ये तर भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणंही धोक्याचं असतं, आणि काळं कापड किंवा कागद पेटू शकतो. दृष्टिपटलाची इजा अनेकदा दुखत नाही आणि बरेचदा कायमची राहते. म्हणून "जरा बघतो आणि मग चष्मा लावतो" हा विचारच मनात येऊ देऊ नका.

चष्मा घेताना त्यावर दोन गोष्टी छापलेल्या हव्यात: कोणत्या तरंगलांबीसाठी आणि किती ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचं माप). ओडी ३ म्हणजे हजारावा भाग आत येतो, ओडी ४ म्हणजे दहा हजारावा. १ वॅटचा बीम ओडी ३ मधून १ मिलिवॅट उरतो, ओडी ४ मधून त्याचाही दहावा भाग. निळा आणि हिरवा अडवणारा नारिंगी चष्मा लालाला जवळजवळ पूर्ण वाट देतो, हे विसरून चालणार नाही. तिन्ही रंग अडवणारा चष्मा लावला की समोरचं फारसं काही दिसत नाही. यावर उपाय एकच: एका वेळी एकच रंग चालू ठेवायचा, करंट कमीत कमी ठेवायचा आणि त्या रंगाचा चष्मा लावायचा.

कामाचं टेबल कमरेच्या उंचीचं असावं. बसल्यावर डोळे बीमच्या पातळीत येतील असं नको. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. बीमच्या शेवटी विटेसारखं न चमकणारं, न जळणारं काहीतरी उभं करा. आणि बीम बंद करणारं बटण हाताच्या टप्प्यात ठेवा, प्रत्येक वेळी.

तीन रंगांचा हिशेब

डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी-हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. त्या प्रतिसादाला १०० मानलं, तर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा सुमारे ८८, ५२० चा ७१, ६३८ चा लाल १९, ६५० चा ११ आणि ६६० चा फक्त ६. निळ्यात ४५० चा ४ च्या जवळ, ४६५ चा त्याच्या दुप्पट. ४०५ चा जांभळा एका टक्क्याच्या दहाव्या भागालाही पोहोचत नाही.

या आकड्यांवरून बरेच निर्णय आपोआप होतात. डीव्हीडी रायटरमधून काढलेला ६५० किंवा ६६० चा लाल डायोड स्वस्तात हाती लागतो, पण ६३८ च्या एका मिलिवॅटची बरोबरी करायला ६६० चे तीन मिलिवॅट लागतात. म्हणून नव्या बांधणीत लाल ६३५ ते ६४२ च्या पट्ट्यातलाच घ्यावा. ४०५ चा मोह सोडून द्या. तो पांढऱ्या कागदावर चमकून दिसतो ते मुख्यतः कागदातल्या चकाकी आणणाऱ्या रसायनांमुळे. धुरात तो जेमतेम दिसतो, आणि कमी दिसतो म्हणून कमी धोकादायक ठरत नाही.

६३८, ५२० आणि ४५० हे त्रिकूट घेतलं तर दिवसाच्या उजेडासारखा पांढरा मिळवायला पॉवरचं गुणोत्तर ढोबळमानाने ३ : २ : १ येतं. लाल ३०० मिलिवॅट असेल तर हिरवा २०० आणि निळा १०० पुरे. हे आकडे डायक्रोइक (एक रंग आरपार जाऊ देणारी आणि दुसरा परतवणारी काच) आणि आरशांतून पार होऊन बाहेर पडणाऱ्या बीमचे आहेत, डायोडच्या कागदावरचे नव्हेत. मी निळा यापेक्षा थोडा जास्त ठेवतो. एकटा निळा बीम धुरात उठून दिसावा असं वाटतं, आणि पांढऱ्यासाठी तो सॉफ्टवेअरमधून खाली आणता येतो. उलटं करता येत नाही: जो रंग कमी पडतो तो कमीच राहतो.

"१ वॅट आरजीबी" (लाल-हिरवा-निळा) असं लिहिलेल्या तयार प्रोजेक्टरमध्ये बहुतेक पॉवर निळ्यातून आलेली असू शकते, कारण वॅटमागे निळा डायोड सगळ्यात स्वस्त पडतो. एकूण आकडा कधीच विचारू नका, तिन्ही आकडे वेगळे विचारा.

हिरवा: ५३२ की ५२०

५३२ नॅनोमीटरचा हिरवा थेट डायोडमधून येत नाही. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) डायोड एका निओडिमियमयुक्त स्फटिकाला ऊर्जा देतो, तो स्फटिक १०६४ वर लेझर देतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ बनवतो. बीम देखणा आणि गोल निघतो, पण सगळी साखळी तापमानाला संवेदनशील असते आणि झटपट कमी-जास्त करायला गेलं की अडखळते. चित्रातल्या रेषा कुठे ठळक, कुठे फिक्या होतात, आणि मिश्र रंग दर मिनिटाला बदलतात. शिवाय अवरक्त फिल्टर नीट नसेल तर न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने एका स्वस्त हिरव्या पॉइंटरची तपासणी केली, तेव्हा त्यातून हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाशच जास्त बाहेर पडत असल्याचं आढळलं होतं.

५१५ ते ५२५ पट्ट्यातला थेट हिरवा डायोड २००९ नंतर हळूहळू बाजारात आला. डोळ्याला तो थोडा कमी उजळ दिसतो, पण सिग्नलबरोबर वर-खाली होतो, सुरू केल्याबरोबर तयार असतो आणि अवरक्ताचा प्रश्नच येत नाही. पहिल्या प्रोजेक्टरसाठी ५२० घ्या. जुनं ५३२ चं मॉड्यूल आयतं हाती असेल तरच त्याचा विचार करा, आणि त्याला एकट्या हिरव्या बीमच्या कामावर ठेवा.

बीमची खरी किंमत

नवख्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, आणि चित्र चांगलं दिसणार की नाही हे मुख्यतः इथेच ठरतं.

बीम किती पसरतो ते मिलिरेडियनमध्ये मोजतात. १ मिलिरेडियन म्हणजे दर मीटरला १ मिलिमीटर. ३ मिलिमीटर जाडीने निघालेला बीम १ मिलिरेडियनने पसरला तर १० मीटरवर १३ मिलिमीटरचा ठिपका देतो, ३ मिलिरेडियनने पसरला तर ३३ मिलिमीटरचा. दुसऱ्याचं क्षेत्रफळ सहा पटींहून जास्त. तेवढीच पॉवर सहापट जागेत वाटली गेली, म्हणजे रेघ जाड आणि फिकी. पॉवर दुप्पट केली तरी डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही; पसरण निम्मी केली तर फरक खोलीत शिरणाऱ्या कुणालाही कळतो.

डायोड दोन जातींचे. सिंगल मोड डायोडचं प्रकाश बाहेर टाकणारं तोंड इतकं बारीक असतं की साध्या लेन्सनेही बीम घट्ट बांधला जातो. त्याची मर्यादा म्हणजे पॉवर: साधारण १०० ते २०० मिलिवॅटच्या आसपास हे डायोड थांबतात. मल्टिमोड डायोड अर्ध्या वॅटपासून कित्येक वॅटपर्यंत मिळतो, पण त्याचं तोंड एका दिशेने रुंद असतं. त्या दिशेची पसरण म्हणजे तोंडाची रुंदी भागिले लेन्सचं केंद्रांतर (फोकल लेन्थ). २० मायक्रोमीटर रुंद तोंड आणि ४ मिलिमीटरची लेन्स घेतली तर ५ मिलिरेडियन. लाल मल्टिमोडचं तोंड ४० मायक्रोमीटर असेल तर १०. म्हणजे १० मीटरवर ठिपक्याऐवजी दहा सेंटिमीटरची आडवी पट्टी.

यावर इलाज आहे. त्या रुंद दिशेतच बीम फुगवणारी दंडगोल लेन्सची जोडी बसवायची: आधी उणे १० मिलिमीटरची, मग तिच्यापासून २० मिलिमीटरवर अधिक ३० ची. त्या दिशेत बीम तिप्पट जाड होतो आणि पसरण तिसऱ्या हिश्शावर येते. ५ ची १.७ होते. पण बीमची जाडी गुणिले पसरण हा गुणाकार लेन्सने कमी होत नाही, आणि गॅल्व्होच्या (बीम फिरवणारा आरसा हलवणारी मोटर) आरशावर मावेल एवढीच जाडी परवडते. छोट्या स्कॅनरचे (दोन गॅल्व्होंची जोडी) आरसे ४-५ मिलिमीटरच्या बीमपलीकडे घेत नाहीत. कडेने सांडलेला प्रकाश वाया जातो आणि पेटीत भलतीकडे परततो.

म्हणून माझा सल्ला: पहिला प्रोजेक्टर सिंगल मोड डायोडांवर बांधा. लाल कमी पडतो, तर दोन लाल घ्या. एकाचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) हाफ-वेव्ह प्लेटने ९० अंशांनी फिरवून दोघांना पीबीएस क्यूबमधून (ध्रुवीकरणानुसार बीम जाऊ देणारा किंवा परतवणारा काचेचा ठोकळा) एका रेषेत आणता येतं. एकूण ३००-४०० मिलिवॅटचा घट्ट बीम अंधाऱ्या खोलीत भरपूर दिसतो, आणि त्यावर शिकलेलं सगळं पुढे मोठ्या बांधणीत कामी येतं.

तयार मॉड्यूल घेताना

लेन्सनंतर मोजलेली पॉवर, बीमची जाडी, पसरण पूर्ण कोनात की अर्ध्या कोनात मोजलेली, आणि मॉड्युलेशन (सिग्नलप्रमाणे उजेड बदलणं) अॅनालॉग की टीटीएल, हे विचारा. टीटीएल म्हणजे फक्त चालू किंवा बंद. त्यातून तीन रंगांपासून सातच छटा मिळतात. आपल्याला उजेड हवा तेवढा कमी-जास्त करू देणारं ० ते ५ व्होल्टचं अॅनालॉग हवं. वेग किती, तेही विचारा. स्कॅनर सेकंदाला ३०,००० बिंदू काढत असेल तर एका बिंदूला ३३ मायक्रोसेकंद मिळतात. ड्रायव्हर तेवढ्यात पूर्ण चालू होऊन पूर्ण बंद झाला पाहिजे. ५-१० किलोहर्ट्झचा ड्रायव्हर कोपऱ्यांना शेपट्या लावतो. १०० किलोहर्ट्झच्या आसपासचा मिळाला तर निश्चिंत राहा.

आणखी एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही: मॉड्यूलचं धातूचं अंग डायोडच्या कोणत्या टोकाला जोडलेलं आहे? काही डायोडांत बाहेरची टोपी एका पिनला जोडलेली असते. अशी दोन वेगळ्या जोडणीची मॉड्यूलं एकाच अॅल्युमिनियमच्या प्लेटवर घट्ट बसवली की प्लेटमधूनच शॉर्ट होतो. डेटाशीट बघा, मल्टिमीटर लावा, आणि गरज पडल्यास मधे उष्णता जाऊ देणारी पण वीज अडवणारी चकती घाला.

स्वतः बांधताना

डायोड बहुधा ५.६ किंवा ९ मिलिमीटरच्या गोल टोपीत येतो. त्याला बसणारं तांब्याचं किंवा पितळेचं घर मिळतं आणि त्याच्या पुढच्या आट्यांत लेन्स फिरते. डायोड घरात दाबताना हातोडी किंवा पक्कड नको. योग्य मापाचा पोकळ दांडा घेऊन व्हाइसमध्ये हळूहळू, सरळ दाबायचा. जोर फक्त टोपीच्या कडेवर यायला हवा, काचेवर किंवा पिनांवर नाही.

स्थिर वीज हा डायोडचा शत्रू. मनगटावर अर्थिंगचा पट्टा, टेबलावर अँटिस्टॅटिक चटई, सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग. सोल्डर होईपर्यंत पिना एकमेकींना बारीक तारेने जोडून ठेवा. धक्का बसलेला डायोड नेहमी लगेच मरत नाही. कधी तो फक्त मंद होतो आणि कारण सापडता सापडत नाही.

आता ड्रायव्हर. डायोडला ठरलेला करंट लागतो. त्याला थेट व्होल्टेज दिलं की तो गेलाच. आणि नवीन ड्रायव्हर कधीही थेट खऱ्या डायोडवर तपासू नका. त्याऐवजी खोटा भार बनवा: साधे सिलिकॉन डायोड एकामागे एक, आणि त्यांच्या मालिकेत १ ओहमचा रोधक. लालासाठी तीन-चार डायोड, निळ्यासाठी सहा. रोधकावर मोजलेले मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. करंटचं बटण पूर्ण खाली आणून सुरू करा, डेटाशीटमधल्या करंटच्या ऐंशी टक्क्यांवर थांबा. मग वीज बंद करा आणि ड्रायव्हरच्या आउटपुटवरचा कपॅसिटर रोधकाने रिकामा करा. भरलेल्या कपॅसिटरला डायोड जोडला की तो साठलेला करंट एका क्षणात डायोडमधून जातो. डायोड जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

उष्णतेबद्दल लालाचे लाड करावेच लागतात. ६३८ चा डायोड तापला की पॉवर झपाट्याने उतरते आणि रंग दर अंशाला सुमारे ०.२ नॅनोमीटरने अधिक गडद लालाकडे, म्हणजे डोळ्याला आणखी कमी दिसणाऱ्या बाजूला सरकतो. निळा आणि हिरवा बरेच सोशिक असतात. लालाचं मॉड्यूल जाड प्लेटवर, मधे थर्मल पेस्ट लावून, पंख्याच्या हवेजवळ बसवा. पण पंख्याचा झोत हीटसिंकच्या पात्यांवर जाऊ दे, आरशांवर नको. आरशावरचा धुळीचा कण तिथेच भाजून चिकटतो. पेल्टिए चकती (विजेवर थंड करणारी) लावणार असाल तर लालाला २० ते २५ अंशांवर ठेवा. दवबिंदूच्या खाली नेलंत तर काचेवर पाणी जमेल.

लेन्स फिरवताना जवळच्या भिंतीवर ठिपका बारीक करण्यात अर्थ नाही. शक्य तितक्या लांबच्या भिंतीवर बारीक करा, आणि मग लेन्सच्या आट्यांवर वार्निशचा एक ठिपका.

तीन बीम एका रेषेत

प्लेट जाड घ्या, ८ ते १० मिलिमीटर अॅल्युमिनियम. पातळ पत्रा तापला की वाकतो आणि रंग सुटे होतात. तिन्ही बीमची उंची गॅल्व्होच्या आरशाच्या मध्याएवढी असू दे. सोपी मांडणी अशी: लाल सरळ पुढे जातो, त्याच्या वाटेत ४५ अंशांत पहिला डायक्रोइक, जो लाल जाऊ देतो आणि बाजूने आलेला हिरवा परतवतो, त्यापुढे दुसरा, जो लाल-हिरवा जाऊ देतो आणि निळा परतवतो.

जुळवणी दोन जागी बघून करायची: एक दुसऱ्या डायक्रोइकच्या लगेच पुढे, एक खोलीच्या टोकाला. लाल आधी स्कॅनरच्या मध्यात आणा आणि दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने खूण करा. मग लाल बंद करून हिरवा चालू करा. जवळची खूण चुकत असेल तर मॉड्यूल हलवा, लांबची चुकत असेल तर डायक्रोइकचा कोन बदला. एक सुधारताना दुसरी थोडी बिघडते. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही जुळतात. निळ्याचंही तसंच. फक्त लांबच्या भिंतीवर ठिपके जुळवून काम संपवणारे फार आहेत, आणि मग भिंत बदलली की कडांना लाल-निळी झालर येते.

सिग्नल, सुरक्षा, पांढरा

इल्डा या लेझर-शो संघटनेने ठरवलेल्या २५ पिनांच्या जोडणीत लाल ५ आणि १८ वर, हिरवा ६ आणि १९ वर, निळा ७ आणि २० वर येतो. शटर १३ वर आहे, आणि ४ व १७ हे इंटरलॉकचे (ही जोडणी तुटली की लेझर बंद). इंटरलॉक वायरने कायमचा जोडून टाकू नका. तिथेच तुमचं आपत्कालीन बटण लागायला हवं. स्कॅन-फेल सर्किटही हवंच. स्कॅनर अडकला की सगळी पॉवर एका जागी थांबलेल्या ठिपक्यात येते. हे सर्किट ते ओळखून लेझर तोडतं. बीम माणसांच्या डोक्यांवरून, जमिनीपासून निदान ३ मीटर उंचीवरून जाऊ द्या. घराबाहेर आकाशाकडे कधीही नको: विमानाच्या वैमानिकाचे डोळे दिपू शकतात.

शेवटी रंग. आधी प्रत्येक ड्रायव्हरचा तळ बसवा: सिग्नल ० व्होल्टवर बीम पूर्ण काळा, आणि ०.२ व्होल्टच्या आसपास जेमतेम उजळायला सुरुवात. तळ वर राहिला तर चित्राच्या रेघांमध्ये भुताटकीसारख्या फिक्या रेषा दिसतात. मग वीसेक मिनिटं सगळं चालू ठेवून गरम होऊ द्या, लाल पूर्ण ठेवा, आणि पांढऱ्या भिंतीवर काढलेला मोठा चौकोन चष्म्याशिवाय लांबून बघता येईल इतकी एकूण पॉवर खाली आणून हिरवा आणि निळा उतरवत पांढरा गाठा. अर्ध्या उजेडावर तोच चौकोन गुलाबी किंवा हिरवट झाला तर सॉफ्टवेअरमधली त्या रंगाची वक्ररेषा मधोमध वर-खाली करा, कारण प्रत्येक डायोडचा उंबरठा (ज्या करंटपासून तो लेझर द्यायला लागतो) वेगळा असतो. एवढं झाल्यावर गरम अवस्थेतच दोन्ही खुणांवर तिन्ही ठिपके पुन्हा तपासा, स्क्रू आवळा आणि झाकण लावा.